मंत्रवैद्याची पन्नास वर्षे

बखरी वाचणाऱ्यास एक गोष्ट हळूहळू जाणवू लागते. तलवार कोणी कोठे गाजवली, कोणाचा घोडा पडला, कोण ठार झाले, याची नोंद बखरकार मोठ्या रसाने करतो. पण रात्री मशालीच्या उजेडात जखमींना टाके घालीत बसलेल्या माणसाचे नाव त्यात क्वचितच आढळते. याचे कारण बखरकाराचा कृतघ्नपणा नव्हे. जो पडला त्याची कथा होते. जो मरता मरता वाचला तो दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभा राहतो, आणि त्याच्या वाचण्याची कथा सांगण्याचे कोणास सुचत नाही. परमुलखात सरकारी चाकरीत आयुष्य काढलेल्या आम्हा मंडळींस हा अनुभव घरचाच आहे. बांध फुटला तर चौकशी होते, अहवाल लिहिला जातो; बांध वेळेवर दुरुस्त झाल्यामुळे फुटला नाही, तर त्याची फाईल निघत नाही.

म्हणूनच की काय, पोरखेळ समजल्या जाणाऱ्या एका क्षेत्रातील एका पात्राचा इतिहास आम्हांस मनापासून ओढून घेतो. संगणकाच्या पडद्यावर दूरदूरची माणसे एकाच कल्पित जगात उतरून राक्षसांशी व दरोडेखोरांशी लढतात, असे खेळ आता घरोघरी परिचयाचे झाले आहेत. त्यांतील बहुतेक खेळांत तुकडीची कामे तिघांत वाटलेली असतात. एकाने शत्रूच्या पुढे उभे राहून घाव अंगावर घ्यावयाचे; खेळाडूंच्या बोलीत हा 'टँक'. काहींनी शत्रूस मारावयाचे. आणि एकाने पाठीमागे राहून सर्वांना जगवावयाचे. हा 'हीलर', आम्ही त्यास वैद्यच म्हणू. प्रत्येकाजवळ प्राणबळाचा साठा असतो, आणि वैद्याजवळ त्याखेरीज मंत्रबळाचा, म्हणजे 'मॅना'चा. मंत्र म्हटला की हा साठा घटतो आणि सहकाऱ्याचे प्राणबळ वाढते. एवढ्याशा हिशेबावर उभ्या असलेल्या या कामास पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो पाहता आमचे असे मत झाले आहे की, वैद्याचे कौशल्य त्याने किती जखमा भरल्या यावर कधीच अवलंबून नव्हते. कोणती जखम उघडी ठेवण्याचे धैर्य त्याने दाखवले, यावर ते अवलंबून होते.

या पात्राचा जन्म संगणकावर झाला नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. मेजाभोवती बसून, फासे टाकीत, बोलत बोलत खेळावयाचा हा खेळ. त्यात खेळाडूस तीन वर्ग होते : योद्धा, जादूगार आणि 'क्लेरिक' म्हणजे धर्मोपदेशक. यांतील तिसऱ्याची उत्पत्ती मोठी मौजेची आहे. आर्नेसनच्या मिनेसोटातील मंडळीत एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच बनून इतके बलाढ्य झाले होते की, त्याला आवर घालण्यासाठी पिशाच्चांशी झुंजणारा एक धर्मपुरुष निर्माण करावा लागला. म्हणजे आपला वैद्य आरंभी वैद्य नव्हताच. तो पिशाच उतरवणारा होता. जखम भरण्याची विद्या त्याच्या पदरी पुढे पडली. त्याला धारेचे शस्त्र वर्ज्य होते. त्याहून सूचक गोष्ट अशी की, १९७४ च्या नियमांप्रमाणे पहिल्या पायरीवरील क्लेरिकास एकही मंत्र येत नसे. दुसरी पायरी गाठेपर्यंत त्याने गदा घेऊन इतरांबरोबर मार खावयाचा आणि मग दुसऱ्याची जखम भरावयास शिकावयाचे. हा नियम करणारांच्या मनात काय होते ते असो. उमेदवारीची याहून चांगली पद्धत आम्हांस ठाऊक नाही.

पुढे हा मेजावरचा खेळ संगणकात शिरला. १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी केवळ अक्षरांनी रंगवलेले, अनेकांनी एकदम खेळावयाचे 'मड' नावाचे जग उभे केले. १९९१ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी 'डिकूमड' बाहेर आणला, आणि त्यात जादूगार, चोर व योद्धा यांच्या जोडीस क्लेरिकही आला. १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'ने मात्र वर्गव्यवस्थाच मोडून काढली. तेथे कोणीही कापड कातरून पट्ट्या कराव्या आणि जखम बांधावी. शरीररचनेचे ज्ञान वाढवले की पट्टी अधिक गुण देई. अशा रीतीने वैद्यकी हा काही काळ सर्वांचा धंदा झाला. पण जे काम सर्वांचे, त्याची जोखीम कोणा एकावर नसते. वैद्याच्या इतिहासातील खरे नाट्य सुरू झाले ते १६ मार्च १९९९ रोजी, 'एव्हरक्वेस्ट' या खेळाबरोबर. डिकूमडशी त्याचे साम्य इतके होते की, त्याच्या कर्त्यांना आपण मूळची आज्ञावली उचललेली नाही असे प्रतिज्ञेवर लिहून द्यावे लागले.

'एव्हरक्वेस्ट'मध्ये मरण स्वस्त नव्हते. मेल्यावर कमावलेला अनुभव घटे, आणि आपले सामान आपल्याच प्रेताजवळ पडून राही; ते आणण्यासाठी उघड्या अंगाने त्याच धोक्याच्या जागी परत जावे लागे. क्लेरिकाच्या हाती मृतास उठवण्याचा मंत्र होता. त्यातील वरच्या पायरीचा मंत्र गमावलेल्या अनुभवापैकी शेकडा ९६ भाग परत देई. साहजिकच क्लेरिकास सर्वत्र बोलावणे असे, आणि त्याच मानाने त्याचे आयुष्य कंटाळवाणे असे. मंत्रबळ परत मिळवण्यासाठी त्याने खाली बसून मंत्रांची पोथी उघडावयाची. सुरुवातीच्या काळात ही पोथी सबंध पडदा व्यापून टाकी. ३५ वी पायरी गाठेपर्यंत आजूबाजूला लढाई चालली आहे की मित्र पळत सुटले आहेत, हे त्याला दिसत नसे! तो पोथीच्या पानाकडे पाहत बसे, आणि बाकीच्यांच्या हाकांवरून अंदाज बांधी.

मोठ्या राक्षसाशी लढताना या क्लेरिकांनी एक पद्धत बसवली, तिला आम्ही या इतिहासातील पहिला मोठा शोध मानतो. सर्वांत प्रबळ उपचारमंत्र म्हणावयास १० सेकंद लागत. राक्षसाचे घाव तर असे की, १० सेकंदांत योद्धा एकदा सोडून अनेकदा मरावा. तेव्हा क्लेरिकांनी आपणांस क्रमांक लावून घेतले. पहिल्याने मंत्र सुरू केला की ठराविक सेकंदांनी दुसऱ्याने, मग तिसऱ्याने सुरू करावयाचा. प्रत्येकाने आपली पाळी सुरू होताच पुढच्यास हाक द्यावयाची. घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकामागून एक मंत्र योद्ध्यावर येऊन पडत. यातील मर्म असे की, मंत्र सुरू होई तेव्हा जखम झालेलीच नसे. जखम पाहून उपचार करू म्हणणारा १० सेकंद उशिरा पोहोचे. साखळीत उभ्या राहणाऱ्याने डोळ्यांवर विश्वास टाकावयाचा नाही, आपल्या पाळीवर टाकावयाचा. एकाने घाई केली किंवा एकाची तंद्री लागली, की साखळी तुटे आणि तासांची मेहनत मातीला मिळे.

यानंतर २३ नोव्हेंबर २००४ रोजी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' सुरू झाला, आणि वैद्यकीचे राज्य पाळीकडून काटकसरीकडे गेले. या खेळात एक नियम असा होता की, मंत्र म्हटल्यावर ५ सेकंद नवा मंत्र न म्हणता थांबले तरच स्वाभाविक मंत्रबळ पुन्हा झिरपू लागे. म्हणजे वैद्याच्या स्वस्थ बसण्यालाही किंमत होती. एकाच मंत्राच्या लहानमोठ्या पायऱ्या असत. जाणता वैद्य मोठी पायरी येत असूनही मुद्दाम खालची, कमी खर्चाची पायरी वापरी. भरलेल्या घागरीत पाणी ओतावे तसा आधीच सावरलेल्या गड्यावर जो उपचार वाया जाई, त्यास खेळाडूंनी 'ओव्हरहीलिंग' असे नाव दिले, आणि लढाईनंतर त्याचा जमाखर्च मांडण्याचा प्रघात पडला. शिवाय उपचार केल्याने शत्रूचा रोष ओढवे. शत्रूस केलेल्या इजेच्या निम्म्या दराने तो वैद्याच्या खाती जमा होई, आणि योद्ध्याने शत्रूस नीट गुंतवून ठेवण्याआधीच ज्याने उपचारांचा वर्षाव केला, त्याच्याच अंगावर राक्षस धावून येई.

हे सारे आम्ही पुस्तकी ज्ञानाने लिहीत नाही. २०१९ च्या ऑगस्टात हा खेळ त्याच्या जुन्या स्वरूपात पुन्हा सुरू करण्यात आला, तेव्हा आम्ही बदलीवर भोपाळास होतो. पुतण्या पुण्यास, पुतणी बंगळुरास, त्यांचे दोन मित्र आणखी कोठे. शनिवारी रात्री पाचजण एकत्र यावयाचे असे ठरले, आणि वयोमानानुसार आमच्या वाट्यास वैद्यकी आली. "काका, तुम्ही मागे उभे राहा आणि आम्हांला जगवा," एवढाच पुतण्याचा उपदेश. त्या खेळात 'डेडमाइन्स' नावाच्या खाणी आहेत. खाणींच्या पोटात लपलेली खाडी, खाडीत जहाज, आणि जहाजावर व्हॅनक्लीफ नावाचा दरोडेखोरांचा नायक. हा मूळचा पाथरवटांचा म्होरक्या. यांनी राजधानी पुन्हा बांधून दिली आणि दरबाराने त्यांची मजुरी बुडवली, म्हणून ते दरोड्यास लागले, अशी कथा आहे. थकलेल्या बिलांचे परिणाम पाहिलेल्या आमच्यासारख्यास या दरोडेखोराविषयी सहानुभूती वाटली तर नवल नाही.

त्या रात्री आम्ही हिरिरीने काम केले. कोणाच्या अंगावर ओरखडा उठला की आमचा मंत्र तयार. चौघांचेही प्राणबळ काठोकाठ भरलेले पाहून आम्हांस धन्यता वाटत होती. पुतण्याला तर आम्ही मंत्रकवचाआडून बाहेर येऊच देत नव्हतो. या खेळात योद्ध्याला लढण्याचे बळ अंगावर बसलेल्या घावांतून येणाऱ्या संतापाने मिळते. कवचाने घाव अडला की संतापही अडतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते. जहाजावर पोहोचेपर्यंत मंत्रबळ चतुर्थांश उरले होते. बसून पाणी प्यावे, म्हणजे ते पुन्हा भरते; पण पोरांचा उत्साह मोडावा कसा, म्हणून आम्ही बोललो नाही. व्हॅनक्लीफ अर्धा खचल्यावर त्याने दोन साथीदार बोलावले. त्या क्षणी, म्हणजे आमची खरी गरज निर्माण झाली त्या क्षणी, आमच्यापाशी एका मंत्रापुरतेही बळ नव्हते. पाचहीजण पडले. कोणी रागावले नाही. पुतण्या थोड्या वेळाने म्हणाला, "काका, तुम्ही झालेल्या जखमा मोजता. पुढचा घाव मोजा." पस्तीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी दिलेल्या उपदेशांपैकी फार थोडे यापुढे टिकतील.

मागील इतिहासाकडे पाहता हाच धडा खेळकर्त्यांनाही पुन्हा पुन्हा गिरवावा लागला आहे. २००८ च्या सुधारणेत मंत्रांच्या किमती बदलल्या; खालच्या पायरीची काटकसर निरुपयोगी ठरली, मंत्रबळ मुबलक झाले, आणि वैद्यांनी अखंड मंत्रवर्षाव करावा, दोनतीन घावांत माणूस मरावा, असा प्रकार होऊन बसला. विचारास जागाच राहिली नाही. तेव्हा २०१० मध्ये कर्त्यांनी सर्वांचे प्राणबळ वाढवले, उपचार महाग केले, आणि जखमी माणूस काही काळ जखमी राहू शकेल अशी व्यवस्था केली. वैद्यास पुन्हा निवड करावी लागली. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे याने हुद्दा न पाहता जखमेची निकड पाहून उपचारांचा क्रम लावण्याची प्रथा रूढ केली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पडद्यावरच्या वैद्याला त्यापुढेही एक पाऊल जावे लागते. अधिक जखमी कोण एवढेच पाहून भागत नाही. कोणाच्या पडण्याने बाकीचे पडतील, हे त्याला पाहावे लागते. म्हणून आधी योद्धा, मग तो स्वतः, आणि मग इतर. वैद्याने स्वतःस दुसऱ्या क्रमांकावर ठेवणे हा स्वार्थ नव्हे; तो मेल्यास तिसऱ्यास वाली नाही.

एक काळ असा होता की ही निवड यंत्रावर सोपवता येत असे. खेळास जोडावयाच्या काही उपआज्ञावल्या निघाल्या होत्या. वैद्याने एकच कळ दाबत राहावे. कोणाचे विष उतरवावयाचे, कोणावर कोणता मंत्र टाकावयाचा, हे त्या आपणच ठरवीत. २००६ च्या डिसेंबरात कर्त्यांनी ही सोय बंद केली. आज्ञावलीने माहिती दाखवावी, पण निर्णय घेऊ नये, अशी रेषा त्यांनी आखली. खेळाच्या नियमपुस्तकातील ही क्षुल्लक दुरुस्ती खरी. पण निर्णय माणसाचा की यंत्राचा हा प्रश्न आज आपल्या कचेऱ्यांच्या दाराशी येऊन ठेपला असताना ती आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

तथापि सद्भावना म्हणजे वैद्यकी नव्हे, याचा सर्वांत विलक्षण पुरावा त्याच खेळात १३ सप्टेंबर २००५ रोजी मिळाला. हक्कार नावाचा एक राक्षस आपल्याशी लढणारांस दूषित रक्ताची बाधा करी. ही बाधा त्या मंदिरापुरतीच राहावी अशी योजना होती. पण खेळाडूंच्या पाळीव जनावरांमार्फत ती बाहेर पडली आणि भर वस्तीच्या नगरांत पसरली. नवखे खेळाडू क्षणात मरत; नगरातील दुकानदार व पहारेकरी स्वतः न मरता रोग वाहून नेत. रस्ते सांगाड्यांनी भरले. अशा वेळी अनेक वैद्य आपणहून धावले आणि चौकाचौकांत उभे राहून त्यांनी अनोळखी माणसांवर उपचार केले. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी २००७ साली 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस' या वैद्यकीय नियतकालिकात या साथीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या परोपकाराची दुसरी बाजूही नोंदवली आहे. वैद्यांनी रोग्यांना जगवले खरे. पण जगलेला रोगी रोग पुढे पसरवीत राहिला, आणि एका जागेहून दुसऱ्या जागी धावणारा वैद्य स्वतःच रोगवाहक ठरला. त्यांच्या उपचारांनी साथ कदाचित लांबलीही असेल. शेवटी खेळाचे संगणक बंद करून पुन्हा सुरू केले तेव्हा ती ओसरली. त्या वैद्यांना हसण्याचा आम्हांस अधिकार नाही; २०२० साल आम्ही सर्वांनी पाहिले आहे.

मग असे अवघड आणि अदृश्य काम करावयाचे कोणी? २००९ च्या डिसेंबरात अनोळखी खेळाडूंची आपोआप तुकडी जमवून देणारी व्यवस्था 'वॉरक्राफ्ट'मध्ये आली, आणि मारणारे उदंड, पण जगवणारे थोडे, ही स्थिती उघडी पडली. २०११ मध्ये ज्या कामास माणसे कमी असतील ते पत्करणारास जादा बक्षीस देण्याचे ठरवावे लागले. 'गिल्ड वॉर्स २' या खेळाच्या कर्त्यांनी २०१२ साली निराळाच उपाय योजला : स्वतंत्र वैद्य ठेवावयाचाच नाही, प्रत्येकाने आपापली जखम पाहावी. तीन वर्षे हा प्रयोग चालला. २०१५ मध्ये मोठ्या तुकडीच्या मोहिमा सुरू करण्याची वेळ आली, आणि उपचारांत निष्णात असे पात्र पुन्हा आणावे लागले. हद्दपार केलेल्या वैद्याला मानाने परत बोलावले गेले.

उलट बाजूचा दाखला 'फायनल फँटसी १४'मध्ये सापडतो. २०१३ साली नव्याने उभारलेल्या या खेळात वैद्यांना मोठा मान होता. पण पुढे पुढे योद्धे स्वतःच्या जखमा स्वतःच भरू लागले, संकटे आधीच ठाऊक असणारी झाली, आणि वैद्याने बहुतेक वेळ एकच मारक मंत्र पुन्हा पुन्हा म्हणत उभे राहावे असे झाले. २०२४ च्या जूनमध्ये, नवा भाग निघण्याच्या तोंडावर, या खेळातील काही वैद्यांनी चक्क संप पुकारला. त्यांची मागणी काय, तर आम्हांला काम द्या! १९७४ साली मंत्र येत नसलेल्या क्लेरिकापासून २०२४ साली मंत्र वापरावयास न मिळालेल्या वैद्यापर्यंत ही पन्नास वर्षे पोहोचतात. मान, बक्षीस वा सोपेपणा यांपैकी काहीच त्या संपवाल्यांनी मागितले नाही. जेथे आपल्या चुकीने कोणी मरू शकेल आणि आपल्या विवेकाने वाचू शकेल, अशी जागा त्यांनी मागितली. संरक्षण सर्वत्र आपोआप होऊ लागले म्हणजे रक्षकाचे मोल संपते, हे त्यांना कळले होते.

आमची दुसरी खेप पुढच्या शनिवारी झाली. या वेळी वाटेत दोनदा आम्ही स्पष्ट सांगितले, "थांबा, मला पाणी प्यावयाचे आहे," आणि पोरे मुकाट्याने थांबली. पुतणीच्या पात्राचे प्राणबळ अर्ध्यावर आले तरी हात आवरला; ते अर्धे पुरेसे होते. आरंभीच कवच घालून योद्ध्याचा संताप विझवला नाही. व्हॅनक्लीफचे साथीदार येणार हे ठाऊक असल्याने ते येण्यापूर्वीच पुतण्यावर हळूहळू गुण देणारा मंत्र टाकून ठेवला, आणि मोठा मंत्र सुरू केला तेव्हा त्याची जखम अजून लहान होती. ती मोठी होताच मंत्र पोहोचला. नायक पडला. पडलेल्याच्या अंगावरची चीजवस्तू कोणी घ्यावी याविषयी चौघांत गोड भांडण झाले, मग पुतण्या म्हणाला, "चला काका, पुढे जाऊ या." आमच्या मंत्रबळाचा साठा त्या वेळी तिसऱ्या हिश्श्याइतका शिल्लक होता. तो आकडा आमच्याशिवाय कोणी पाहिला नाही.